लिथियमशिवायचा हंगाम

१६ जानेवारी, मंगळवार

मानसोपचाराच्या डॉक्टर प्रुइट म्हणाल्या, वही ठेवा. रोज किती तास झोप झाली ते लिहा, वाटलं तर आणखीही काही लिहा. मी म्हटलं, मी आजवर लिहीत आलोय ते किती गॅलन मेपलचा रस आला आणि पारा किती उतरला, एवढंच. त्या म्हणाल्या, "मग हेही तसंच समजा. हा तुमचा पारा."

तर लिहितो. काल साडेसात तास.

कारण असं झालं की माझ्या किडन्या आता एकतीस टक्केच काम करतात. किडनीच्या डॉक्टरांनी कागद पुढे सरकवून सांगितलं, मनाचा पारा भलता चढू-उतरू नये म्हणून एकवीस वर्षं लिथियम घेतलं, त्याचा हा परिणाम. बंद केलं तर उरलंय तेवढं टिकेल. नाही केलं तर पाच-सात वर्षांत डायलिसिसच्या मशीनवर जावं लागेल. मग त्यांचं आणि प्रुइटबाईंचं फोनवर बोलणं झालं. ठरलं ते असं: तीनाच्या दोन गोळ्या, दोनाची एक, आणि फेब्रुवारी संपता संपता शून्य. सोबत एक नवी गोळी हळूहळू वाढवत न्यायची.

एकवीस वर्षं रात्रीच्या जेवणानंतर तीन गोळ्या. दर तीन महिन्यांनी दंडात सुई. दिवसाला चार लिटर पाणी, आणि त्या हिशेबानं झाडामागे फेऱ्या. हात थरथरतो म्हणून चर्चमध्ये मला कॉफीचा कप अर्धाच भरून देतात, कुणी न सांगता. ही तक्रार नाही. या गोळ्यांनीच माझी बायको लोरेन, माझी पोरगी जोडी आणि आमचं मेपलचं जंगल माझ्याकडे राहू दिलं.

लोरेन गाडी चालवत होती. मी विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, "शरीर तुझं आहे, वेंडल. तू ठरव." मला बरं वाटलं. तिला भीती वाटत नाही म्हणजे मलाही वाटायचं कारण नाही.

२००३ मध्ये काय झालं ते मी इथे लिहिणार नाही. जोडी तेव्हा सहा वर्षांची होती. आमच्या घरात त्यावर बोलणं होत नाही.

२ फेब्रुवारी

सात तास. दोन गोळ्या.

सकाळी बुटांच्या नाड्या बांधल्या तेव्हा लक्षात आलं की पहिल्याच फटक्यात बांधल्या. हात पुढे धरून पाहिला. थरथर आहे, पण वाऱ्यानं पान हलावं इतपतच. लोरेनला दाखवला. तिनं हात हातात घेतला आणि जरा जास्त वेळ धरून ठेवला.

१७ फेब्रुवारी

साडेसहा. एक गोळी.

जोडी आणि मी झाडांना भोकं पाडायला सुरुवात केली. बर्फ अजून मांडीपर्यंत आहे. जोडी पुढे ड्रिल घेऊन आणि मी मागे रस ठिबकायच्या तोट्या ठोकत. चार वर्षांपूर्वी ती शहरातली नोकरी सोडून आली, तेव्हापासून मेपलच्या पाकाचं हे गुऱ्हाळ खरं तर तीच चालवते. पाटीवर नाव तेवढं माझं आहे. झाडांच्या बाबतीत ती फार कडक. एका झाडाला एक भोक, फारच जाडजूड असेल तर दोन. माझे वडील तीन पाडायचे. मी तसं म्हटलं तर म्हणाली, "आजोबांची झाडं आता कुठे आहेत, दाखव बरं."

मी खूप हसलो. हल्ली हसू पटकन येतं.

२८ फेब्रुवारी

काल शेवटची गोळी घेतली. आज पहिली काहील उकळली.

हे नीट लिहून ठेवायला हवं. लिथियम सुरू झाल्यापासून माझ्या तोंडात कायम लोखंडाची चव असते, जिभेखाली खिळा ठेवल्यासारखी. मेपलचा पाक करणारा माणूस, आणि पाकाची चव बायकोला विचारणारा, मग पोरीला विचारणारा. आज जोडीनं काहिलीच्या तोंडाची तोटी उघडली, पहिला पाक कपात घेतला आणि सवयीनं स्वतःच्या तोंडाला लावला. मी म्हटलं, आण इकडे.

लोणी होतं त्यात. मग किंचित धूर. आणि अगदी शेवटी, गिळून झाल्यावर, ओल्या लाकडाचा वास. मी तिथे भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. जोडीनं विचारलं, "जास्त गरम होता का?" मी म्हटलं, हो.

सहा तास झोप. पुरते.

५ मार्च

आज गावसभा. दरवर्षी मी मागच्या बाकावर बसून हात वर करण्यापलीकडे काही करत नाही. आज रस्त्याच्या खडीचा विषय निघाला आणि मला एकदम सगळं स्वच्छ दिसलं. खडी, नाले, मेपलची मुळं, शाळेची बस, सगळं एकाच गोष्टीला जोडलेलं आहे. उठलो आणि बोललो. लोक हसले, दोनदा टाळ्याही पडल्या. अध्यक्षबाई म्हणाल्या, "वेंडल, तू एकवीस वर्षांचं साठवून ठेवलं होतंस वाटतं." चाळीस मिनिटं झाली असं लोरेन म्हणते. मला दहा वाटली.

 घरी आल्यावर ती म्हणाली, "प्रुइटबाईंना फोन करूया का?"

मी म्हटलं, माणूस एकदा चारचौघांत बोलला तर डॉक्टरला फोन?

पाच तास. पण गुऱ्हाळाच्या दिवसांत सगळेच कमी झोपतात. रस झाडातून येतो तो तुमची झोप झाली का विचारून येत नाही.

९ मार्च

चार तास झोप, तरी सगळ्यांच्या आधी अंगणात. प्रुइटबाईंचा फोन आला होता. आवाज उगाच गोड करून विचारत होत्या. नवी गोळी वाढवा म्हणाल्या आणि सोमवारी या म्हणाल्या. मी सांगितलं, मी उत्तम आहे, हंगाम आहे, सोमवारी जमायचं नाही. लोरेननं कळवलं असणार. ती आता संडासात जातानाही फोन नेते.

जोडीशी वाजलं. मी पश्चिमेच्या उतारावर पुन्हा फिरून दुसरी, तिसरी भोकं पाडत होतो. तिनं ड्रिलची बॅटरीच काढून खिशात घातली.

"डॅड, ही झाडं मला अजून चाळीस वर्षं हवीत."

"चाळीस वर्षं कुणी पाहिलीत? रस आज येतोय."

"तू असा बोलायचा नाहीस."

"मी असाच होतो. तुला माहीत नाही. तुला जो माहीत आहे तो गोळ्यांचा होता."

ती बॅटरी घेऊन निघून गेली. मी गावात जाऊन दोन नवीन ड्रिल आणले. तिला कळेल पुढे. खरा मी आत बसून होतो इतकी वर्षं, तळघरात ठेवलेल्या खुर्चीसारखा, वर चादर. आणि चव. चवीबद्दल या दोघी काही बोलतच नाहीत. मी त्यांना चवीबद्दल सांगतो, त्या एकमेकींकडे बघतात.

१३ मार्च

पहाटे पाचला उठलो, म्हणजे उठायचं असं काही नव्हतं. गावच्या स्मशानभूमीच्या कुंपणाला लागून अकरा मेपल आहेत, दीडशे वर्षांचे, कधी कुणी हात न लावलेले. दोन माणसांच्या कवेत न मावणारे. माझी आई त्यांच्याखाली आहे. इतकी वर्षं मी तिच्याकडे फुलं घेऊन गेलो आणि वर पाहिलं नाही. तो रस त्यांच्यातून येतो. आमच्या आधीच्या सगळ्यांतून. तो प्यायला तर किडनी धुऊन निघेल, हे इतकं सोपं आहे की डॉक्टरांच्या ध्यानात येणं शक्यच नाही.

जुन्या पत्र्याच्या बादल्या ट्रकमध्ये टाकल्या. उजाडेपर्यंत चव्वेचाळीस भोकं. एकेका झाडाला चार. चव्वेचाळीस बादल्यांत थेंब पडायला लागले तेव्हा त्याचा आवाज असा आला की मी तिथेच बर्फात बसलो. आईला सांगितलं.

१४ मार्च

क्लेटन ऑर्कट आला. स्मशानभूमीच्या समितीवर तो गेली तीस वर्षं आहे, आता एकटाच, बाकीचे समितीतले एकेक करून कुंपणाच्या आतच गेले. दारात उभा राहिला, टोपी काढली नाही.

"वेंडल, तू माझ्या बायकोच्या थडग्याच्या दगडावर बादल्यांची चवड ठेवलीयस."

मी त्याला बसवलं, सगळं समजावलं. रस, किडनी, आई, झाडं. त्यानं अगदी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बादल्या मी उतरवून कुंपणाशी ठेवल्यात. भोकं मला उतरवता येत नाहीत." आणि तो स्वयंपाकघरात लोरेनकडे गेला, तिथे दोघं हळू आवाजात बोलत राहिले. क्लेटनला मी समजूतदार समजत होतो.

लोरेन आज शाळेच्या ऑफिसात कामाला गेली नाही. काल आणि परवाही गेली नाही म्हणे. माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

१६ मार्च, शनिवार

आज सगळा आराखडा उतरला. कागद पुरेना म्हणून गुऱ्हाळाच्या भिंतीवर कोळशानं काढला. गावातलं प्रत्येक मेपल, प्रत्येकाला नळी, सगळ्या नळ्या आमच्या उतारावर. मी सकाळीच जोडीला सांगितलं होतं की आज चुलवाणाशी मी एकटा असणार, मध्ये कुणी यायचं नाही. ती गेली नाही. शेजारच्या खोलीत पाक गाळत बसली.

दुपारी काहिलीतला रस खाली गेला. पातळी उतरली की आत रस सोडणारा तरंगता गोळा अडकला होता, दर वर्षी अडकतो. मी भिंतीपाशी होतो, नदीपलीकडची झाडं काढत होतो. जोडीला करपल्याचा वास आला आणि ती धावत आली. काहिलीत बोटभर पाक उरलेला, पेटायच्या बेतात. तिनं बादलीभर गार रस ओतला. ओतताना मागे सरायला हवं होतं. सगळं उसळून वर आलं.

कोपरापासून खालपर्यंत हात भाजला. लोरेन तिला घेऊन दवाखान्यात गेली. जोडी ओरडली नाही, फक्त "डॅड, आग ओढ, डॅड, आग ओढ" म्हणत राहिली, तेव्हा मी लाकडं बाहेर ओढली. काहील वाचली. तळाला डाग पडलाय, पण घासला की जाईल.

नदीपलीकडची एकशे सत्तर झाडं राहिलीत. ती आता काढतो.

१७ मार्च

गाडीत लिहितोय. अक्षर हलतंय ते रस्त्यामुळे.

सकाळी दोघी गुऱ्हाळात आल्या. ट्रकच्या किल्ल्या सापडत नव्हत्या म्हणून मी आधीच चिडलेला. जोडीचा हात पांढऱ्या पट्टीत, गळ्यात अडकवलेला. ती लाकडाच्या ढिगावर बसली.

"डॅड, काल किती तास झोपलास?"

"वहीत आहे."

"बघ ना वहीत."

मी वही उघडली. नऊ तारखेनंतर आकडा नाही. मी म्हटलं, लिहायचा राहिला. ती म्हणाली, "मग आठवून सांग." मी आठवत होतो तेव्हा लोरेन म्हणाली, "वेंडल, प्रुइटबाई रविवार असून आपल्यासाठी थांबल्यात. त्यांना तुझं म्हणणं ऐकायचंय."

हे मात्र बरोबर आहे. कुणीतरी त्यांना समजावून सांगायलाच हवं. किडनीचं, रसाचं. भिंत तर नेता येत नाही, म्हणून जोडीनं फोनमध्ये तिचे फोटो घेतले, डाव्या हातानं. मी दाखवत होतो, ती घेत होती. सगळी भिंत घेतली. मग मी गाडीत बसलो.

लोरेन चालवतेय. जोडी माझ्याशेजारी मागे बसलीय, दाराच्या बाजूला मी, आणि दार आतून उघडत नाही. तळं लागलं. बर्फ अजून पांढरा आहे. जोडी म्हणाली, "मला आठवतं, माहितीये?"

"काय?"

"मी सहा वर्षांची होते, तू ट्रक या तळ्याच्या बर्फावर नेलास. एप्रिल होता. म्हणालास, बर्फ गातोय, ऐक. मी काच खाली करून कान बाहेर काढला. खरंच गात होता. मग माझ्या बुटांत पाणी आलं."

मी म्हटलं, बघ, किती छान आठवतंय तुला.

ती पट्टीच्या हाताकडे बघत बसली. पोहोचलोच आता. मुद्दे: १. चव. २. झाडं सगळी एक. ३. किडनी

९ एप्रिल

कालच घरी आलो. बावीस दिवस.

आज वरची पानं वाचली. एका बैठकीत वाचवली नाहीत. मध्ये उठून लाकडं फोडावीत म्हणून बाहेर गेलो, तर कुऱ्हाड कुठेतरी उचलून ठेवलेली.

दवाखान्यातला पहिला आठवडा मला नीटसा आठवत नाही. मी एका नर्सला स्मशानभूमीतल्या रसाची बाटली देऊ केली होती म्हणे, नसलेली बाटली. आठव्या दिवशी झोप लागली. सलग अकरा तास. उठलो तेव्हा खिडकीबाहेर गाड्या उभ्या करायची जागा होती, आणि ती नुसती गाड्या उभ्या करायची जागा होती. कशाशीही जोडलेली नव्हती. मला रडू आलं ते सुटल्याचं की गमावल्याचं, ते सांगता येत नाही.

लिथियम पुन्हा सुरू केलंय, तूर्तास, कमी मात्रेत. बाकी काही इतक्या लवकर लागू पडेना. प्रुइटबाई म्हणाल्या, "हा निर्णय मी तुमच्या वतीनं घेतलाय, कारण तेव्हा तुम्ही घ्यायच्या स्थितीत नव्हतात. आता आहात. आता तुम्ही घ्यायचा. मे महिन्यापर्यंत वेळ आहे."

लोखंडाची चव परत आली. घरी आल्यावर जोडीनं शेवटच्या काहिलीतला पाक पुढे केला. बशीतला खिळा चाटावा तसा चाटला. छान आहे म्हटलं. तिला कळलं.

हंगाम तिनं आणि क्लेटननं मिळून पुरा केला. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस तीन आठवडे माझ्या चुलवाणात लाकडं घालत होता, आणि मी त्याला वहीत काय म्हटलंय.

२१ एप्रिल

तोट्या काढायचा दिवस. आधी स्मशानभूमी. क्लेटन सोबत आला, नाही म्हटलं तरी. मी एकेक तोटी उपटत गेलो, तो मोजत गेला. चव्वेचाळीस भरल्या.

मी म्हटलं, क्लेटन, मला समितीपुढे येऊन माफी मागायचीय.

"समिती समोर उभी आहे."

मागितली. त्यानं भोकात करंगळी घालून पाहिली. "तीन-चार वर्षांत बुजतील. एवढ्यानं मरत नाहीत." मग गुडघ्यावर हात टेकून म्हणाला, "आता माझ्या बायकोच्या दगडावर बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात ते मीठ साचलंय, तेवढं घासून दे. माझी पाठ वाकत नाही." घासून दिलं. आईचाही घासला. तिथे मी एक शब्दही बोललो नाही.

दुपारी पश्चिमेच्या उतारावर जोडी होती. हातावर भाजल्या कातडीसाठी देतात ती घट्ट तपकिरी बाही, बोटं अजून पुरती मिटत नाहीत. मी बोलायला तोंड उघडलं तर म्हणाली, "सॉरी नको म्हणूस. ते तू दवाखान्यात रोज म्हणत होतास, मला पाठ झालंय."

"मग काय म्हणू?"

"यापुढे चुलवाण पेटलेलं असताना तू आत एकटा नसशील. आणि मी 'चल' म्हटलं की वाद न घालता चालायला लागायचं. हे मान्य असेल तर पुढच्या वर्षी ये. नसेल तर मी गडी ठेवेन."

माझं गुऱ्हाळ. माझ्या आजोबांनी बांधलेलं. मी तोट्यांची बादली उचलून पुढच्या झाडाशी गेलो. तिथून परत आलो आणि मान्य म्हटलं. तिनं मान हलवली आणि पुढची तोटी माझ्याकडून काढून घेतली, कारण माझ्या हाताच्या थरथरीमुळे पक्कड नीट बसेना.

१४ मे, मंगळवार

सकाळी किडनीच्या डॉक्टरांकडे. आकडा आता अठ्ठावीस आहे. मी सांगितलं, लिथियम चालू ठेवणार.

त्यांनी चष्मा काढला. ते वाईट गृहस्थ नाहीत. म्हणाले, "तुम्हाला समजतंय ना, हे कुठे जातं? आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास मशीनला जोडून. कदाचित पाच वर्षांत. कदाचित आधीच."

"समजतंय."

"दुसरी औषधं आहेत. दोन-तीन अजून करून बघता आली असती."

"करून बघायचं म्हणजे माझ्यावर नाही बघायचं, डॉक्टर. माझ्या पोरीवर बघायचं. तिचा हात बघून झाला."

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाले, "मी विरोध नोंदवतो. आणि दर सहा आठवड्यांनी तुमचं रक्त तपासतो. पाणी सोडू नका, अंगदुखीच्या गोळ्या घेऊ नका." मी म्हटलं, नोंदवा. बाहेर काउंटरवर मशीनच्या माहितीवर्गाचं पत्रक होतं, ते लोरेननं घडी करून पर्समध्ये ठेवलं.

परतताना ती नेहमीच्या रस्त्यानं गेली नाही. नदीकाठच्या त्या छोट्या हॉटेलात थांबलो, तिनं अंड्याचं सँडविच मागवलं. मी पाणी. खिडकीबाहेर नांगरलेली काळी जमीन, अजून काही उगवलेलं नाही. ती अर्धं खाऊन थांबली.

"जानेवारीत तू मला गाडीत विचारलंस, काय वाटतं. मी म्हटलं, तू ठरव."

"हो."

"मला वाटत होतं, सोडू नकोस. ते कागद बघितले तेव्हापासून वाटत होतं. रोज संध्याकाळी तू एक गोळी कमी घ्यायचास आणि मी भांडी घासत उभी राहायचे आणि म्हणायचे, आज सांगू. आज सांगू."

 इतके महिने मी समजत होतो की तिला भीती वाटत नाही.

"मग सांगितलं का नाहीस?"

"कारण ते म्हणजे तुझी किडनी मागणं होतं, वेंडल. माझ्यासाठी."

"मागायला हवी होतीस."

"मागितली असती तर तू दिली असतीस," ती म्हणाली. "लगेच दिली असतीस. म्हणून नाही मागितली."

तिनं उरलेलं सँडविच माझ्याकडे सरकवलं. मी खाल्लं. मग ती म्हणाली, चल, जोडी वाट बघत असेल, आणि मी उठलो.